अडीअडचणीचे पैसे आणि फिरायचे पैसे एकाच खात्यातून पळून राहिलेत, काय करू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, मराठीत मधे मधे हिंदी घुसेल, तेवढं चालवून घ्या.

मी २९, लोकमान्य नगरला भाड्याने राहतो, घरी आई-बाबा. हातात ३६ हजार येतात. भाडं ९, किराणा-दूध ७, लाईट-गॅस-मोबाईल-पेट्रोल मिळून साडेचार, बाबांची औषधं अडीच, बाईकचा हप्ता २८००. शिवाय पोस्टात ३ हजारांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव), २० हप्ते झालेत, आणि कॉलनीतल्या मावशींकडे २ हजारांची बीसी, म्हणजे तुमची भिशी. मग पाच हजार उरायला हवेत ना? ते कुठे जातात ते सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या रात्री आणि छप्पन दुकानच्या खाऊवाल्यांनाच ठाऊक.

आता मुद्दा. चार महिन्यांपूर्वी बाबा बाथरूममधे घसरले, खुब्याचं हाड मोडलं. रात्री साडेअकराला हॉस्पिटलवाले म्हणाले आधी ६० हजार डिपॉझिट भरा. खात्यात होते ते मी आदल्याच महिन्यात मित्रांबरोबर गोव्याला उडवले होते. आरडी पोस्टात, पोस्ट बंद. बीसीचा नंबर दुसऱ्याला गेलेला. ४६ हजार क्रेडिट कार्डावर मारले आणि उरलेले १४ आईने डाळीच्या डब्यातून काढून दिले, काउंटरवरच्या मुलाने नोटा मोजताना दोनदा नाकाला लावल्या कारण सगळ्यांना हिंगाचा वास होता. मला तेव्हा हसू पण आलं आणि लाज पण वाटली.

तेव्हापासून कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागते तेवढीच रक्कम, भरून राहिलोय, महिन्याला २३००. तीन महिन्यांत बाकी जेमतेम हजार-बाराशेने उतरलीय, अजून ४५ च्या आसपास आहेच.

आणि यातच आईला पंढरपूरला न्यायचं कबूल करून बसलोय, ती कधीच गेली नाही. विचारायचं हे की इमर्जन्सीचे पैसे पुरे होईपर्यंत फिरणं एकदम बंद करायचं का? आणि हे पैसे ठेवायचे कुठे, म्हणजे रात्री साडेअकराला हातात येतील आणि मला गोवा दिसला की हात जाणार नाही असे?

प्रतिसाद (बँकेतून रिटायर झालेले एक काका)
अरे आधी ते कार्ड फेडून टाक. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. २३०० भरतोस त्यातले १९०० तिथेच जातात, मुद्दल हलणार कशी? आरडी मोडू नकोस, पोस्टाची ५ वर्षांची आरडी ३ वर्षांआधी मोडताच येत नाही. पण १२ हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत लोन मिळतं, आरडीच्या व्याजापेक्षा २ टक्के जास्त दराने. तुझे ६० हजार जमा आहेत, म्हणजे ३० मिळतील. बीसी कधी लागतेय?

धागाकर्ता
काका, हे लोनचं माहीतच नव्हतं! पुढच्या महिन्यात माझाच नंबर, १२ जणांचे २४ हजार.

प्रतिसाद (काका)
मग झालं की. ३० लोनचे, १५ बीसीचे, कार्ड शून्य. उरलेल्या ९ ने अडीअडचणीचा गल्ला सुरू कर. आणि ते कार्ड आईकडे दे ठेवायला.

प्रतिसाद (वडोदऱ्याची एक ताई)
काकांना अनुमोदन. मी एवढंच म्हणेन की पगाराच्या खात्यात काहीच साठवू नकोस. दुसऱ्या बँकेत खातं उघड, त्याचं यूपीआय फोनवर लावूच नकोस, नाहीतर पोह्यांचे पण तिथूनच जातील, एटीएम कार्ड कपाटात. त्याला ऑटो स्वीप लावून घे, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत जातात आणि रात्री एटीएमला गेलास तर एफडी तेवढीच मोडून पैसे मिळतात. लिक्विड फंडातून (म्युच्युअल फंडाचाच एक प्रकार) पण लगेच काढता येतात पण इन्स्टंटवाली सोय दिवसाला ५० हजारांपर्यंतच, किंवा जमा रकमेच्या ९० टक्के, जे कमी असेल ते. सहा महिन्यांचा खर्च वगैरे ऐकून घाबरू नकोस, आधी हॉस्पिटलच्या डिपॉझिटएवढे ६० हजार, मग तुझा तीन महिन्यांचा खर्च ७८ हजार.
बाबांचा मेडिक्लेम आहे का? कंपनीच्या पॉलिसीत फक्त तूच असशील तर खरं भगदाड तिथे आहे. प्रीमियम या वयात झोंबतो, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी घेतलेल्या मेडिक्लेमवर जीएसटी नाही. जुन्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं वेटिंग, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही, म्हणून जितकं लवकर तितकं बरं.
फिरणं बंद करू नकोस, तसं केलंस की सहा महिन्यांनी डोकं फिरतं आणि माणूस परत गोवा करतो (अनुभव). फिरायला महिन्याला हजार वेगळे टाक.

प्रतिसाद (उज्जैनहून)
पंढरपूरचं सांगतो. इंदूर-दौंड गाडी पुण्यावरून दौंडला जाते, तिथून सोलापूर लाईनीने कुर्डुवाडी, मग पंढरपूर. रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बुकिंगला बस, तत्काळच्या नादी लागू नकोस. आषाढी-कार्तिकी सोडून जा, मंदिर समितीचं भक्त निवास आहे, हॉटेलची गरज नाही. आणि तोवर आईला महेश्वर दाखव की, नव्वदेक किलोमीटर, सकाळच्या बसने जाऊन घाटावर बसून रात्री घरी.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मेडिक्लेम नाहीये बाबांचा, ताई, बरोबर ओळखलंत, या रविवारी तेच बघतो. आईला महेश्वर म्हटलं तर म्हणाली अहिल्याबाईंचं आहे ना, मग चालेल, पण विठोबा तो विठोबा.
काका, एक राहिलं. लोनसाठी पासबुक लागेलच ना? कारण ते आईच्या डब्यात होतं, आणि त्या रात्रीनंतर तिने डबा बदललाय, कुठला ते सांगत नाहीये.