प्रदर्शनातली परडी, आणि बंद पाडा म्हणणारे

खानापूर_रोड
काल एकानं इथं लिहिलं होतं: 'बेळगाव कॅम्पातल्या ग्रुप शोमध्ये देवाधर्माची टिंगल चाललीय. यल्लम्माची परडी जमिनीवर टाकलीय. मंडळांनी जाऊन बंद पाडावं.' वर पन्नास जणांनी हात जोडलेले. लिहिणारा आत पाऊलही न टाकलेला, हे त्यानंच खाली सांगितलं. म्हणून सविस्तर लिहितो.

मी जाऊन आलोय. बहुतेक कलाकार आपल्याच भागातले, विषय श्रद्धा. परडी, म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची टोपली, जमिनीवर नाही, मातीच्या ओट्यावर आहे. वेताची, काठाला कवड्या शिवलेल्या, भंडारा विणीत इतका मुरलाय की मूळ रंग कळत नाही. भोवती फुटलेल्या हिरव्या बांगड्या. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर हेच होतं. यल्लम्माचा नवरा जमदग्नी मारला जातो, आई रांडाव म्हणजे विधवा होते, देवीला सोडलेल्या जोगतिणी चुडा फोडतात, माघात अहेव पुनवेला परत भरतात. डोंगरावर तो विधी आणि हॉलमध्ये टिंगल, हे कसं?

दुसरं. शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ बघायला आपण पोराबाळांना घेऊन उभे राहतो. त्यात देव, संत सगळे असतात, थर्माकोलचे, लाइट मारलेले. आपल्या गावाला देवाचं नवं रूप घडवायची सवय आहे. किल्ल्यातल्या कमल बस्तीचं छत बघा. १२०४ सालचं दगडी कमळ, पाकळ्यांत तीर्थंकर. त्या कारागिरालाही कुणीतरी विचारलंच असेल, हे काय नवीन?

अनगोळकर
कमल बस्ती बांधली ती पूजेसाठी. तुलना करताना एवढं तरी बघा. आणि चित्ररथात उभा राहणारा पोरगा आमच्या गल्लीत उपास धरतो, पायात चप्पल घालत नाही. इथं लोक बूट घालून, हातात चहाचा कप घेऊन परडीभोवती फिरतात. परडी आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी असते. मंगळवार-शुक्रवार भरल्याशिवाय आई जेवत नाही. ती 'वस्तू' नाही. तुम्हाला कळणार नाही, कारण तुमच्या घरात नाही.

खानापूर_रोड
माझ्या घरात काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं? वैयक्तिक नको.

टिळकवाडीकर
परडी राहू दे बाजूला. पाट्या कुणी बघितल्या काय? कन्नड आणि इंग्लिश. मराठीत एक ओळ नाही. देव आमचे, बघणारे आमचे, चित्रकारांत निम्मे आमचे, आणि वाचायचं मात्र कन्नडमध्ये.

वडगाव_माग
बरोबर बोललात. आमच्या साडीच्या दुकानाची पाटी वडिलांच्या हातची, मराठीत रंगवलेली. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हा उतरवली. लावा म्हटलं, लावली. पण ती उतरवताना तपासायला आलेला माणूस हसला, ते मी विसरणार नाही. सरकारी पाटी समजू शकतो. चित्राखालची पाटी तर कायद्यात नाही ना? तिथं तरी मराठी लिहायला कुणाचा हात धरला होता?

गोकाक_फाटा
झालं, आला सीमाप्रश्न. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेली केस हॉलवाल्यानं सोडवायची काय? परडीवाला पोरगा कन्नड बोलणारा आहे, त्यानं त्याच्या भाषेत लिहिलं. सौंदत्तीला जाऊन बघा, कोल्हापूरच्या एसट्या शेकड्यानं लागलेल्या असतात आणि एकच जोगतीण एक पद मराठीत, दुसरं कन्नडमध्ये म्हणते. तिथं कोण पाटी मागत नाही.

टिळकवाडीकर
तिथं कोण पाटी मागत नाही कारण तिथं कोण आमची पाटी काढत नाही! तू कन्नड शाळेत शिकलास म्हणून तुला टोचत नाही. माझ्या आजीला दवाखान्यात फॉर्म वाचता आला नाही, कुठं सही करायची ते शिपायाला विचारत बसली होती. हे सोसल्यावर मग मला समजुतीच्या गोष्टी सांग.

गोकाक_फाटा
शाळा काढू नकोस. मराठी शाळेत जागा असूनही तुझी पोरं कुठल्या माध्यमात घातलीस ते आधी सांग.

टिळकवाडीकर
पोरांचं नाव इथं आणूलालास, लाज वाटू दे.

शहापूर_पेठ
भांडण थांबवा. मूळ मुद्दा चित्रकार एम. एफ. हुसेनचा आहे. पंढरपुरात जन्मलेल्या माणसानं देवींची नग्न चित्रं काढली, तिथून हे सगळं सुरू झालं. आपण गप्प बसलो की हे वाढतं.

खानापूर_रोड
हुसेनवरचे खटले २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं रद्द केले, हेही लिहा. तरी तो परतू शकला नाही. कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला वारला. कोर्टात जिंकून माणूस घरी येऊ शकत नाही, ही 'बंद पाडा' म्हणणाऱ्यांची कमाई. बडोद्यात २००७ मध्ये तर विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या चित्रांवरून त्याला अटक झाली. ते आपल्या गावात व्हायला नको, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

निपाणीची_लेक
सगळं वाचलं. पाट्या, हुसेन, शाळा. परडी जिच्या हातात असते ती बाई कुणालाच आठवली नाही.

आमच्या घरातली एक आत्या देवीला सोडलेली होती. लहानपणी जट आली म्हणून सोडली. ती जट कुणी विंचरून धुतली असती तर सुटली असती. भावना दुखावल्या म्हणणाऱ्या किती घरांनी तिला पंगतीला बसवलं? जोगवा उंबऱ्याबाहेरूनच. कर्नाटकात देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्रात नवा कायदा व्हायला २००५ उजाडलं. तेव्हा भाषेचा अभिमान दोन्ही बाजूंनी जरा बेतानं.

आणि खानापूर_रोड, तुमचंही ऐका. मी त्या बांगड्यांपुढं बराच वेळ उभी होते. पाटीवर काय लिहिलंय? 'वेत, कवड्या, हळद, काच.' खाली कलाकाराचं नाव. परडी जुनी आहे, वापरातली आहे, हे तुम्हीच लिहिलंत. मग ती कुणाची? विकत घेतली, मागून आणली, की बाई वारल्यावर घरच्यांनी टाकली ती उचलली? तिचं नाव नाही. देवळानं तिचं नाव पुसलं, इथं हॉलनंही पुसलं. मला टिंगल दिसली नाही. मला ती बाई दिसली नाही.

खानापूर_रोड
हे मान्य. नाव हवं, आणि परडी कशी आली तेही लिहायला हवं. मी कलाकाराला विचारतो. पण ताई, बंद पाडलं असतं तर हा प्रश्न विचारायला जागाच राहिली नसती.

अनगोळकर
ताई म्हणतात त्यात तथ्य आहे. जोगतीण आमच्याही दारातूनच परत जाते, खोटं कशाला बोलू. पण बूट काढून आत जायला काय हरकत होती, ते अजून कुणी सांगितलं नाही.

निपाणीची_लेक
काही हरकत नाही. मी काढून गेले होते.

टिळकवाडीकर
नवीन पाटी लिहिणारच असाल तर तिचं नाव मराठीतही लिहा. कागद मी छापून देतो.

गोकाक_फाटा
आधी तिला विचार, तिला कुठल्या भाषेत हवंय.

खानापूर_रोड
रविवारी शेवटचा दिवस आहे, कलाकार चार वाजता तिथं असतात. अनगोळकर, येणार असाल तर आईंना घेऊन या. परडी भरणाऱ्या बाईचं मत मला ऐकायचंय.

अनगोळकर
आईला विचारतो. ती आली तर येईन. माझं मत बदललं असं समजू नका.