जुन्या फोर्ड पिकअपचं सेल्फचं बटण काढायचं की ठेवायचं?

निपाणीकर_तंबाखूवाले

नमस्कार मंडळी. घरात आज्जांच्या काळातली १९५१ ची फोर्ड एफ-१ पिकअप आहे. एकेकाळी तंबाखूची बोदं वाहायची, आता सणावाराला बाहेर निघते. ६ व्होल्ट, प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. किल्ली वेगळी आणि सेल्फचं काळं बटण डॅशवर वेगळं.

पावसाळा सुरू झाल्यापासून बटण दाबलं की ‘टक्’ होतंय आणि गप्प. कधी फिरलंच तर रडत फिरतंय. इंजिन गरम असलं तर विचारू नका, सरळ ढकलायची. इथल्या वायरमनचं म्हणणं, बटण गेलंय, किल्लीवर सेल्फ करून देतो, त्यातच १२ व्होल्ट करूया आणि डॅशचं भोक बुजवूया. पुतण्या त्याच्या बाजूचा. “काका, किल्ली फिरवायची आणि निघायचं, मधी बटण कशाला?”

मला बटण काढायचं नाही. आज्जा चोक ओढायचे, गाडीला “चल गं” म्हणायचे आणि मग अंगठा टेकवायचे. त्या अंगठ्यानं बटणाची एक कड झिजलीय. ठेवायचं खरं, दर वेळी ढकलायला माणसं कुठली आणायची? दसऱ्याच्या पूजेआधी काम उरकायचंय. बटण ठेवून भरवशाचं काम होतंय काय? नवीन बटण मिळतं का कुठं?

अनगोळचा_पक्या

१२ व्होल्ट करून टाका काका. बॅटरी कुठल्याही दुकानात मिळतीय. म्युझिअम करायचं नाही न्हवं?

उद्यमबाग_वायरिंग

बटणाला हात लावू नका ओ. ‘टक्’ झालं म्हणजे बटणानं त्याचं काम केलं, सोलेनॉइड (सेल्फचा जाड करंट जोडणारा विजेवरचा स्विच) ओढला गेला. पुढं सेल्फला करंट पोचत नाही, नाहीतर सेल्फच जाम आहे. बटण काढून किल्ली बसवली तरी तीच ‘टक्’ ऐकायला येणार, फक्त पैसे देऊन.

सेल्फ शेकड्यानं अँपिअर ओढतो. तो करंट बॅटरीतनं जाड केबलनं सोलेनॉइडला आणि तिथनं सेल्फला जातो. बटणात येतो तो फक्त सोलेनॉइडच्या कॉइलचा, किरकोळ. जुन्या ६ व्होल्ट फोर्डच्या सोलेनॉइडला दोन जाड स्टड आणि एकच बारका स्टड असतो. कॉइलला बॅटरीची बाजू आतनंच मिळते, बटण फक्त त्या बारक्या वायरला बॉडीला टेकवतं. तुमच्या बटणाला एकच वायर असेल तर हाच प्रकार. असल्या गाडीचा डॅश रंगवताना बटणाच्या मागं रंग गेला की अर्थ तुटतो आणि दोष बटणाच्या माथी.

दुकानदार हमखास १२ व्होल्टचा, दोन बारक्या स्टडांचा सोलेनॉइड हातात देतो. दिसायला तसाच. त्याला बटणातनं अर्थ नाही, सप्लाय लागतो, म्हणजे जुनी वायरिंग उलटी करा. घेऊ नका.

आता मीटर लावा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिनच्या इग्निशन कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली, एकाला बटण दाबायला बसवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी सेल्फच्या स्टडवर. सेल्फ ओढत असताना आकडा बघा. मग सेल्फची बॉडी आणि बॅटरीचा प्लस, तसंच. कुठंही पाव व्होल्टच्या वर आलं की ती बाजू पकडायची. ६ व्होल्टात अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर बारावा हिस्सा गेला की ओ.

बहुतेक वेळा केबलच निघते. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टात दुप्पट करंट लागतो, आणि तयार मिळणाऱ्या केबलीत वर रबर जाड, आत तांबं बोटाच्या नखाएवढं. ७० स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल घ्या, टोकाला लग (बोल्टात अडकवायची कडी) दाबून बसवा. अर्थची केबल चासीला नको, थेट इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, चासीशी त्याचा अर्थ धरून चालू नका.

पक्या, १२ व्होल्टावर ६ चा सेल्फ फिरतो, जोरात फिरतो. पण बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं पुढं सरकणारं दात्यांचं चाक, फ्लायव्हीलच्या दात्यांवर हाणल्यासारखा आदळतो. मग बल्ब, मीटर, कॉइल, डायनमो सगळंच बदलत बसायचं.

जांबोटीची_जीपवाली

उद्यमबागच्या मिस्त्रींचं बरोबर आहे. आमच्या जुन्या विलीज जीपला पायानं दाबायचा स्टार्टर आहे, तिथं सगळा करंट त्या स्विचातनंच जातो, म्हणून तो खरंच झिजतो. तुमच्या बटणाचं तसं नाही.

एक सांगते, घरात लहान मुलं असतील तर बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवाच. असल्या वायरिंगला किल्लीची गरज नसते. गाडी गिअरमध्ये असताना पोरानं बटण दाबलं की गाडी पुढं उडी मारते. आणि ती बारकी वायर पत्र्याच्या भोकात घासून उघडी पडली तर बटण न दाबताच सेल्फ फिरतो. भोकात रबरी ग्रोमेट घाला.

एफ-१ चे नवे पार्ट अमेरिकेत अजून बनतात, बटणसुद्धा मिळतं. पण आधी तुमचंच खोलून आतली तांब्याची चकती बारीक पॉलिश पेपरनं घासून बघा.

निपाणीकर_तंबाखूवाले

मिस्त्री, मीटर लावला. मायनसच्या बाजूला किरकोळ. सेल्फची बॉडी ते प्लस, एक व्होल्टाच्या वर! अर्थची केबल चासीलाच होती, लग उघडला तर आत हिरवा चुरा. पुतण्या स्वतःच मीटर धरून बसला होता, आता किल्लीचं नाव काढत नाही. इंजिन थंड असताना बरं फिरेल असं समजू, खरं गरम झाल्यावरचं काय?

उद्यमबाग_वायरिंग

आधी केबल बदला, मग एक फेरी मारून गरम इंजिनवर दाबून बघा. तरी रडली तर सेल्फ खाली घ्या. बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा आतला फिरता भाग) खाली बसतं आणि बाजूच्या पोलला घासतं, तिथं चकचकीत पट्टा दिसेल. पट्टा दिसला तर टर्नरकडनं ब्राँझचे बुश करून घ्या, कार्बन ब्रशही त्याच वेळी बदला. दसऱ्याच्या आठवड्यात आणू नका, दुकानात पाय ठेवायला जागा नसते.