मुलीला मैत्रिणींबरोबर लोलापालूझाला पाठवू की नको?

इंद्रायणी_भात
आम्ही डोंबिवलीचे. मुलगी अकरावीत, नुकती सोळा पूर्ण झाली. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 पासून लोलापालूझा हा संगीत महोत्सव होतो, तिथे तिला तिघी मैत्रिणींबरोबर जायचंय. दोन दिवसांपैकी फक्त रविवार. मोठं कुणी बरोबर नको, ही तिची अट. तिकिटाचे पैसे भाऊबीज आणि वाढदिवसाच्या पाकिटांतून तिनेच साठवलेत, त्यामुळे 'परवडत नाही' हे हुकमाचं पान माझ्या हातात नाही. नवरा म्हणतो, "तू ठरव." म्हणजे त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण वाईटपणा मी घ्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "गाणंच ऐकायला चाललीय ना? जाऊ दे की." मला दोन रात्री झोप नाही. तुम्ही काय केलं असतंत?

सदाशिवपेठी
यात विचारायचं काय? 1986 साली मी पंधरा वर्षांचा होतो. सवाई गंधर्व महोत्सवाला मित्रांबरोबर सायकली दामटत रमणबागेत जायचो आणि रात्रभर बसायचो. तेव्हा रात्री दहाची आडकाठी नव्हती. तिसऱ्या प्रहरी शाल पांघरून तिथेच आडवं व्हायचं, आणि कुणीतरी ढोसून उठवायचं, "ऊठ, पंडितजी बसले!" भीमसेनजींनी 1953 पासून गुरूंच्या स्मरणार्थ चालवलेला तो उत्सव, आमचे कान तिथे तयार झाले. घरून कुणी अडवलं नाही. पाठवा बिनधास्त.

कल्याण_फास्ट
काका, सवाई आणि हे एकाच तागडीत? रमणबागेत चहा आणि वडा मिळत असेल. अशा फेस्टिव्हलला बार असतो. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, हे मान्य. काउंटरवर वय बघतीलही. पण तिथून घेतलेला ग्लास मागे कुणाच्या हातात जातो, ते कोण बघतं?

आणि दारू सोडा, मला गर्दीची भीती जास्त वाटते. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डला चेंगराचेंगरीत दहा जण गेले, सगळ्यात लहान मूल नऊ वर्षांचं. नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीच्या विद्यापीठात कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे सगळे एकदम गेटातून आत घुसले, पायऱ्यांवर चार जीव गेले. तिथे कुणी दारू पिऊन धिंगाणा घालत नव्हतं हो. कॉलेजची पोरं होती, गाणं ऐकायला आलेली. माझं मत स्पष्ट आहे: पाठवू नका. अठरा होऊ द्या, मग जाऊ दे.

फेडर
पंधरा वर्षं साउंड करतोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गर्दी धोक्याची होते ती स्टेजसमोरच्या कठड्याजवळ आणि निमुळत्या वाटांवर. रेसकोर्स मोकळं मैदान आहे, बाजूला आणि मागे सरकायला जागा असते. मुलींना सांगा, कठडा पकडायचा हट्ट नको. दाबल्यासारखं वाटलं तर लोंढ्याविरुद्ध ढकलू नका, हात छातीसमोर धरून तिरकं तिरकं बाहेर पडा. भेटायची जागा आधीच ठरवा. एवढ्या लोकांत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं, फोनच्या भरवशावर राहू नका.

दुसरं म्हणजे कान. याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढत नाही. कारखान्यात 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हिशोब करा, 100 ला पंधरा मिनिटं उरतात! जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी 100 च्या वर जाऊ नये असं सांगितलं, पण स्पीकरच्या तोंडाशी तासन्‌तास उभं राहणारी पोरं रोज बघतो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात. चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोट ठेवायचं. गाणं नीट ऐकू येतं. माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, कायमची. विशीत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

निवांत
इंद्रायणीताई, एक आगाऊ प्रश्न. मुलगा असता तर हा धागा काढला असतात?

आणि सदाशिवपेठी काका, तुम्हाला बहीण आहे का? रमणबागेत ती कुठे होती?

सदाशिवपेठी
आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गाणं तिलाच जास्त कळायचं, शिकत होती ती. ती आईबरोबर यायची आणि वडील दहाच्या ठोक्याला घ्यायला यायचे. पहाटेचे भीमसेनजी तिने लग्नानंतर ऐकले. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

कल्याण_फास्ट
निवांत, मुद्दा भरकटवू नका. रात्रीच्या फलाटावर मुलगी असणं आणि मुलगा असणं यात फरक आहे. तो मी तयार केलेला नाही.

इंद्रायणी_भात
निवांत, लागलं मला. माझा मोठा मुलगा सतरा वर्षांचा असताना पुण्याला अशाच एका फेस्टिव्हलला गेला, राहायला मित्राच्या मावशीकडे. आम्ही एकदाच विचारलं होतं, "पैसे पुरतील ना?" बास. लेकीने परवा हेच तोंडावर फेकलं आणि मी म्हणाले, "तुझं वेगळं आहे." त्यापुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून इथे आले.

एक_बाप
मी नाही म्हणालो होतो. तीन वर्षांपूर्वी, दुसरा कार्यक्रम, दुसरं शहर. मुलगी सतरा वर्षांची. ती 'अभ्यासाला मैत्रिणीकडे' सांगून गेली. परतताना मैत्रिणींची चुकामूक झाली, फोन बंद पडला. स्टेशनवरच्या एका बाईंचा फोन तिला मिळत होता, माझा नंबर पाठ होता. तरी तिने लावला नाही, कारण मग कुठे आहे ते सांगावं लागलं असतं. रात्री एकपर्यंत बाकावर बसून होती. मैत्रिणी शोधत आल्या म्हणून निभावलं. मला हे वर्षभराने कळलं, तेही जेवताना हसत हसत सांगितलं तिने. माझा घास घशात अडकला.

कल्याण_फास्ट
म्हणजे पोरं खोटं बोलतील या धाकाने आपण हो म्हणायचं? मग उद्या बाइक मागितली तरी हो म्हणा.

एक_बाप
नाही म्हणायला माझी हरकत नाही. मी नाही म्हटलं आणि विषय संपवला, कारण विचारलं तर 'मी सांगतोय म्हणून'. अडचणीत बापाला फोन करण्यापेक्षा बाकावर बसलेलं बरं, असं तिला वाटलं ना, ते माझं कर्तृत्व. तुम्ही नाही म्हणा, पण ती वाट उघडी ठेवून म्हणा.

निवांत
परतीचं बघा ताई. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर वाजवता येत नाही, 2000 सालच्या नियमांत तसं आहे. मोजक्या दिवसांसाठी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढी वेळ आधी पक्की करून घ्या. महालक्ष्मीहून दादर, पूल चढून सेंट्रलला. चौघी एकत्र, लेडीज डब्यात. शेवटची दोन गाणी सोडून निघाल्या तर स्टेशनवरची झुंबडही टळेल.

फेडर
शेवटची दोन गाणी कुणी सोडत नसतं. तिकीट त्यांच्यासाठीच काढलेलं असतं.

इंद्रायणी_भात
काल रात्री घरात तहाची बोलणी झाली. मी चार अटी ठेवल्या. चौघींचे नंबर चौघींच्या आयांकडे, कानात बोळे, कठड्यापासून लांब, आणि बाबा गेटवर घ्यायला येणार. पहिल्या तीन तिने मुकाट ऐकल्या. चौथीला म्हणाली, "बाबा गेटवर असतील तर मी जातच नाही." तासभर धुसफूस. शेवटी ठरलं ते असं: बाबा दादरला, सेंट्रलच्या फलाटावर, इंडिकेटरखाली उभे राहणार. ओळख दाखवायची नाही. त्याच गाडीत ते जनरल डब्यात आणि त्या चौघी लेडीजमध्ये. डोंबिवलीला उतरल्यावर मग बाप-लेक.

नवरा आता विचारतोय, दहा-अकरापर्यंत दादरला तो एकटा काय करणार.

सदाशिवपेठी
शिवाजी मंदिरात नाटक बघा म्हणावं.

कल्याण_फास्ट
माझं मत बदललेलं नाही. पण रविवार आहे, मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या. आणि तिच्या पॉवर बँकेशिवाय एक बाबांकडेही असू द्या.