बागेतल्या ‘मॉथ’ना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे जूनमध्ये हौशी लोक बागेत रात्रभर दिवा लावून मॉथ जमवतात, सकाळी ओळखून नोंद करतात आणि सोडून देतात. शेजारच्या आजींच्या नादाने मीही लागले आहे. मराठीत लिहायचं तर ‘पतंग’ म्हटलं की मुलांना संक्रांत आठवते. ‘रात्रीचं फुलपाखरू’ चालेल का? मॉथ ट्रॅपला काय म्हणू? आणि मिडसमर म्हणजे भर उन्हाळाच ना?

प्रतिसाद : पतंगच लिहा, ताई. संदर्भाने कळतं. ‘रात्रीचं फुलपाखरू’ मात्र नको. तुमच्याकडचा लाल ठिपक्यांचा सिक्स-स्पॉट बर्नेट दिवसाढवळ्या उडतो, त्याचं काय करणार? ‘पाकोळी’ही घोटाळ्याचा शब्द आहे. त्या नावाचा पक्षी आहे, आणि आपलं राज्य फुलपाखरूसुद्धा राणी पाकोळी!

प्रतिसाद : सापळ्याला शब्द शोधत बसू नका, शेतकऱ्यांकडे तो आहेच : प्रकाश सापळा. आमच्याकडे कपाशीत बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष असलेले सापळे, लावतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८-१० पतंग आले की फवारणीचं बघायचं. तिथे कुणाला संक्रांत आठवत नाही. फरक एवढाच, की कामगंधाला एकाच जातीचे नर येतात आणि ते मरतात. तुमच्या दिव्यावर सगळी जत्रा येते आणि सुटते.

प्रश्नकर्ती : हो, खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतो, त्यांच्या खळग्यांत ते दडून बसतात. मग ‘प्रकाश सापळा’ नक्की. पण ‘प्रजाती’ लिहू की ‘जाती’?

प्रतिसाद : वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात. विश्वकोशात ती ‘जाती’. मी जातीच लिहितो. ‘गणना’ टाळा, दिव्यावर आले तेवढेच दिसतात. थंडी-वाऱ्याच्या रात्री फारसे फिरकतही नाहीत. म्हणून नोंद. आणि ‘भर उन्हाळा’ वाचला की आमच्या डोळ्यांपुढे वैशाख येतो. मिडसमर २१ जूनच्या आसपासचा, तेव्हा आपल्याकडे पाऊस. सरळ ‘ऐन जूनमध्ये’ लिहा, आणि रात्र जेमतेम साडेसात तासांची असते हेही सांगा. सापळा कधी लावायचा, कधी उघडायचा ते त्यावरच ठरतं.

प्रश्नकर्ती : शेवटचं. एलिफंट हॉक-मॉथ हा गुलाबी-शेवाळी पतंग. याला हत्ती कुठून चिकटला?

प्रतिसाद : अळीवरून. तिचा पुढचा भाग सोंडेसारखा लांबतो. पण तिला सुरवंट म्हणू नका. सुरवंट केसाळ, ही गुळगुळीत. नाव इंग्रजीच ठेवा. ‘हत्ती-ससाणा पतंग’ कोण वाचणार!