मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या फ्लोअर आणि सिलसाठी पत्रा वाकवायला कमी खर्चात काय घ्यावे?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून शेडमध्ये एक जुनी चारचाकी उभी आहे. इंजिन फिरते, गिअरबॉक्स ठीक आहे, पण पत्र्याची पार दैना झाली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की थेट जमीन दिसते. दोन्ही बाजूंचे फ्लोअर, दारांखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानींच्या कडा आणि बॅटरीचा ट्रे, एवढे सगळे नवे करावे लागणार. या मॉडेलचे तयार पॅनल मिळत नाहीत, म्हणून सीआर (कोल्ड रोल्ड, साधा स्टीलचा) पत्रा आणून स्वतःच घडवायचे ठरवले आहे. मिग वेल्डिंग जमते, ग्राइंडर आणि कातर आहे. वाकवायला मात्र हातोडी आणि व्हाइस एवढेच.

मागच्या महिन्यात व्हाइसच्या जबड्यांना चुंबकाने चिकटणारा छोटा बेंडिंग जोड घेतला. पट्ट्या आणि ब्रॅकेटला झकास आहे. पण जबड्यापेक्षा रुंद तुकडा सरकवत सरकवत वाकवला की घडीला पायऱ्या पडतात. त्यावर बॅटरीचा ट्रे करून पाहिला. बाहेरून १८० मिमी रुंद हवा होता, दोन्ही भिंती ४० मिमीच्या, म्हणून २६० मिमीचा पत्रा कापला. ट्रे ४ मिमी मोठा झाला आणि चौथी भिंत उचलायला जागाच उरली नाही.

आता थ्री-इन-वन घ्यावे (कापणे, वाकवणे, गोल करणे एकातच), नुसता बोटांचा ब्रेक (पत्रा वाकवायचे यंत्र, दाबपट्टी सुट्या बोटांची) घ्यावा, की शेडमधल्या हायड्रॉलिक प्रेसला बसणारा जोड? सगळे घेण्याइतका खिसा नाही. एकदाच घ्यायचे आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी सांगावे.

प्रतिसाद १

मशीन बाजूला ठेवा, आधी मोजमापे टाका. पत्रा किती मिमी? सर्वांत लांब सरळ घडी किती? चारही बाजू उभ्या असलेले तुकडे किती? जाडी मोजताना रंग आणि खालचे डांबरी लेपन खरवडून काढा, नाहीतर कॅलिपर फसवेल.

धागाकर्ता

मोजले. फ्लोअर ०.९ ते १ मिमी, सिल १.२. फ्लोअरची सर्वांत लांब कड ६२० मिमी, सिलची ११५०. चार बाजूंचा म्हणाल तर तो एक ट्रेच. पत्र्याच्या दुकानात गेज विचारतात, तिथे माझा गोंधळ होतो.

प्रतिसाद १

गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. साध्या स्टीलमध्ये १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज ०.९ आणि २२ गेज ०.७६. जीआय आणि अॅल्युमिनियमचे आकडे थोडे वेगळे पडतात, म्हणून दुकानात मिमीच सांगा आणि कॅलिपर खिशात ठेवा. आणि जीआय (जस्ताचा लेप असलेला) पत्रा स्वस्त दिसला तरी घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

प्रतिसाद २

जाहिरातीतल्या क्षमतेच्या आकड्यात लोक हमखास फसतात. वाकवायला लागणारा जोर लांबीच्या पटीत वाढतो, पण जाडीच्या वर्गाच्या पटीत. ०.९ वरून १.२ मिमीवर गेलात तर जाडी एक तृतीयांशाने वाढते आणि जोर जवळपास पावणेदोन पट लागतो. हलक्या ब्रेकवर पूर्ण रुंदीचा पत्रा चढवला की वरची पट्टी मधोमध उचलली जाते. टोकांना ९० अंश मिळतात आणि मध्ये घडी उघडी राहते. म्हणून यंत्रावर लिहिलेल्या जाडीपेक्षा एक-दोन गेज पातळ पत्र्याचेच काम त्यावर धरा. तो आकडा साध्या स्टीलचा असतो हेही लक्षात असू द्या. स्टेनलेस त्यात बसत नाही.

तुमच्या यादीत ११५० मिमीची घडी आहे. तेवढ्या लांबीचे छोटे थ्री-इन-वन नसतेच. एका सिलसाठी मोठे घेतले तर ते शेडभर होईल आणि नंतर त्यावर रंगाचे डबे ठेवाल. (माझ्याकडे ठेवलेत.)

मी असतो तर ब्रेक घरीच केला असता. ५० × ५० × ६ चे दोन अँगल आणि दोन भक्कम बिजागऱ्या. एक अँगल बाकाला पक्का, दुसरा त्याला बिजागरीने जोडलेला, आणि पत्रा दाबून धरायला वरून तिसरा अँगल, दोन्ही टोकांना बोल्टने आवळलेला. सगळी मेख बिजागरीत आहे. तिच्या पिनचा मध्य नेमका घडीच्या रेषेवर हवा. तो खाली-वर झाला की पत्रा सरकतो आणि घडी गोलसर येते. वरचा अँगल घडीच्या रेषेपासून पत्र्याच्या जाडीइतका मागे ठेवायचा. ९० अंशांसाठी दोन-तीन अंश जास्त वाकवा, सोडल्यावर पत्रा तेवढा परत उघडतो.

प्रतिसाद ३

थ्री-इन-वनला एवढे झोडपू नका हो. माझ्याकडे लहान आहे आणि ०.८ मिमीच्या छोट्या पॅचला रोज वापरतो. वरची पट्टी तुकड्यातुकड्यांची असते, त्यामुळे डबीसारख्या भिंतीही उचलता येतात. कातर मात्र बोथट असते आणि कडेला बर (खरखरीत धार) सोडते. जमिनीला बोल्ट केले नाही तर दांडा ओढताना मशीनच आपल्या अंगावर येते. तुमच्या सिलला मात्र ते पुरणार नाही, इथे वरच्यांशी सहमत.

प्रतिसाद ४

ट्रेचे दुखणे मशीनचे नाही, हिशोबाचे आहे. घडीत बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते, म्हणून बाहेरच्या मापांची बेरीज करून कापलेला पत्रा नेहमी जास्त भरतो. १.२ मिमी पत्रा, घडीची आतली त्रिज्याही तेवढीच धरली तर एका ९० अंशाच्या घडीमागे साधारण २.२ मिमी वजा करायचे. दोन घड्यांचे ४.४. तुमचे ४ मिमी इथेच सापडले! म्हणजे २६० नव्हे, २५५.६ कापायला हवा होता. घरच्या ब्रेकची त्रिज्या वेगळी निघेल, तेव्हा आधी १०० मिमीची पट्टी मधोमध वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा आणि बेरीज १०० पेक्षा जितकी जास्त तेवढी तुमची वजावट.

चौथ्या भिंतीसाठी बोटांचा ब्रेक लागतो, कारण उभ्या राहिलेल्या भिंतींना जागा देण्यासाठी त्यातली बोटे काढता येतात. पण एका ट्रेसाठी मशीन कशाला? ट्रेच्या आतल्या मापाचा जाड लोखंडी ठोकळा आत ठेवा, व्हाइसमध्ये आवळा आणि लाकडी मोगरीने भिंत बसवा. लोखंडी हातोडी नको, तिने कड ताणली जाऊन लाटा पडतात. घडीची रेषा मार्करने आखा. सुईने ओरखडलात तर पत्रा तिथेच तडकतो.

प्रतिसाद ५

कमानींबद्दल कुणीच बोलले नाही! त्यांना ब्रेक, थ्री-इन-वन, प्रेस यातले काहीच कामाचे नाही. सरळ रेषेत कड मुडपणे सोपे. कमानीच्या आतल्या वळणावर कड मुडपताना तिचा काठ लांब व्हावा लागतो. झाला नाही तर फाटतो. बाहेर फुगलेल्या वळणावर उलट, काठ आखडावा लागतो, नाहीतर सुरकुत्या पडतात. त्यासाठी हाताने चालणारे श्रिंकर-स्ट्रेचर येते. दात असलेले जबडे पत्रा पकडून थोडा थोडा ओढतात किंवा गोळा करतात. मागे दातांचे ठसे राहतात, ते घासून घ्यायचे. शिल्लक पैसे मी यात घालीन, कारण सरळ घडीला जुगाड चालतो, वळणाला फार अवघड जाते. तेही नसेल तर डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), हातोडी, वाळूची चामडी पिशवी आणि भरपूर वेळ.

फ्लोअरला खाचा घालणार असाल तर त्या कडा मुडपण्याआधी घाला. खाचांनी पत्रा आखडतो आणि सगळी मापे बदलतात.

प्रतिसाद २

आणि हो, सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत तिरपा पाइप वेल्ड करा. सिल गेल्यावर गाडी मध्ये खचली तर दार कधीच नीट लागणार नाही. हे ब्रेकपेक्षा महत्त्वाचे आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. थ्री-इन-वनचा विचार सोडला, पाइप कालच वेल्ड केला. अँगलचा ब्रेक दोन शनिवारांत तयार झाला. १०० मिमीच्या पट्टीची बेरीज १०२ भरली, म्हणजे माझी वजावट २. फ्लोअरच्या ६२० च्या कडेला घडी एकदम नेटकी आली. सिलच्या ११५० ला मात्र तेच झाले जे सांगितले होते, मध्ये साधारण ४ अंश उघडी. वरचा अँगल जाड घ्यावा का?

प्रतिसाद २

जाड घ्यायची गरज नाही. वरच्या अँगलवर एक उभी पट्टी बोल्टने बसवा, म्हणजे तो वाकणार नाही. सलग वेल्ड केलात तर अँगलच वेडावाकडा होईल. त्यानेही भागले नाही तर अँगलला मधोमध खाली किंचित फुगवटा द्या. उभ्या पट्टीखाली मध्यावर पातळ पत्र्याची चकती घाला आणि तिचे टोकांचे बोल्ट आवळा. टोके आवळली की मध्य आपोआप दाबला जातो.

धागाकर्ता

चकती घातली. ४ अंशांचा फरक १ वर आला. दुसऱ्या सिलसाठी तेवढे पुरे. आता कमानीच्या चाचणी पट्ट्या, श्रिंकर आला की फोटो टाकतो.