विषाणू सापडला म्हणून झाड उपटायचं?

पिकांतल्या विषाणूंवरची चर्चा 'विषाणू दिसला की रोप उपटा' इथवर आलीय. चुरडा-मुरड्याला, म्हणजे मिरचीची पानं आकसवणाऱ्या रोगाला, ते ठीक. पण एंडोर्नाव्हिरिडी हे विषाणूंचं कुळ बघा, वनस्पतींतही राहतं आणि बुरशीतही. त्याला प्रथिनाचं कवचच नाही. पेशीत नुसता आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय रेणूचा, लांबलचक धागा, सुमारे १० ते १७ हजार न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतले दुवे). ढोबळ्या मिरचीच्या बहुतेक वाणांत तो असतोच, आणि पानं बघाल तर हिरवीगार, ना डाग ना मुरड. जापोनिका भाताच्या काही वाणांतही तेच.

मावा किंवा पांढरी माशी त्याला पसरवत नाही, कलमातूनही तो जात नाही. परागकण आणि बीजांडातून थेट बियाण्यात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे त्याच्यासाठी फवारणी म्हणजे पैसे पाण्यात!

अपवाद मात्र भारी आहे. फाबा बीन या शेंगवर्गीय पिकाच्या '४४७' या वंशात परागकण वांझ निघतात, आणि त्या वांझपणाशी याच कुळातला आरएनए जोडलेला आढळला. संकरित बियाणं करणाऱ्यांना अशी नरवंध्य झाडं हवीच असतात. पण हा वंश बेभरवशाचा: काही झाडं आपोआप पुन्हा परागकण धरू लागतात, आणि तपासलं तर त्यांच्यातून तो आरएनए गायब झालेला असतो.