शब्द हवाय: 'ग्रँट'ला काय म्हणायचं? (अनुदान सोडून सांगा)

भाचा संभाजीनगरला पेंटिंग शिकला, आता गावाकडंच (अंबड तालुका) एक प्रोजेक्ट करायलाय. जुन्या ठिबकच्या नळ्या, खताची रिकामी पोती, आटलेल्या बोअरचे काढून टाकलेले पाइप असं सगळं घेऊन मारुतीच्या पाराजवळ एक मांडणी केलीय, आणि नुसती मांडणी नाही तर चार महिने दर शनिवारी लोकांसोबत बसून त्यावर बोलायचं, शाळेतली पोरं आणायची, बायकांची वेगळी बैठक, कारण असली आजकालची कला लोकांपर्यंत पोचावी यासाठीच एका संस्थेनं पैसे दिलेत. तर या पठ्ठ्यानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं, 'समकालीन कला आकलन अनुदान प्रकल्प, माहितीसाठी शनिवारी भेटा'. शनिवारी सतरा जण आले, त्यातले अकरा जण सातबारा, आधार न् पासबुकाची झेरॉक्स घेऊन. एक आजोबा म्हणे, "केवायसी इथंच होती का सेतूवर जावं लागंल?"

हसू आलं, पण चूक आजोबांची नाहीच ना. आपल्याकडं अनुदान म्हणजे ठिबकचं, विहिरीचं, अतिवृष्टीचं. आधी खर्च तुम्ही करा नाहीतर नुकसान तुम्ही सोसा, मग सहा महिन्यांनी "आलं का?" "कुठं आलं?" ग्रँटचं उलटं असतं, पैसे काम व्हायच्या आधी हातात पडतात पण हप्त्यानं, आणि पुढचा हप्ता पाहिजे तर आधीच्याचा हिशोब आणि रिपोर्ट द्या. दोन्हीला एकच शब्द कसा काय? बरं हे फक्त गावापुरतं नाही, बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1993 ची, 1995 पासून ग्रँट देते, तिथं अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. म्हणजे मराठीत लिहायची सोय आहे, शब्दच नाही.

परभणीकर:
दादा अनुदान सोडायची काय गरज, यूजीसी 1956 च्या कायद्याची आहे आणि तिला मराठीत विद्यापीठ अनुदान आयोगच म्हणतात, ती काय ठिबकचे पैसे देती का? मी स्वतः बारा वर्षं नॉन-ग्रँटवर काढलीत. आमच्या स्टाफरूममध्ये 'शाळा वीस टक्क्यावर आली', 'चाळीसवर आली' एवढं म्हटलं तरी कळतं, अनुदान शब्द उच्चारावाच लागत नाही. शेतकऱ्याला अनुदान म्हणजे भरपाई, मास्तरला पगार. तुमच्या भाच्याला तिसराच अर्थ पाहिजे. 'प्रकल्प अर्थसाहाय्य' लिहा न् मोकळे व्हा.

धागाकर्ता:
सर, अर्थसाहाय्य म्हटलं की निराधार योजनेची रांग दिसायलीय डोळ्यापुढं.

तहसीलातला रिटायर:
तुम्ही लोक शब्द शोधायलात आणि तो आपल्या दप्तरात पडलेला आहे. निजामाच्या काळात दोन तऱ्हेच्या जमिनी दिलेल्या असायच्या, मदतमाश आणि खिदमतमाश. मदतमाश म्हणजे माणसाच्या गुजराणीसाठी. खिदमतमाश म्हणजे काहीतरी सेवा करायची या अटीवर, देवळाची दिवाबत्ती, दर्ग्याची झाडलोट, मशिदीची देखभाल. सेवा बंद तर जमिनीवरचा हक्क अडचणीत. या सगळ्याला मिळून नाव अतियात, 1952 चा हैदराबाद अतियात चौकशी कायदा त्यावरच, आणि इनामं रद्द करायचा कायदा 1954 चा. मी तीस वर्षं त्या फेरफारांत डोळे फोडलेत. तर ठिबकचं अनुदान ही मदतमाश समजा आणि भाच्याची ग्रँट ही खिदमतमाश. पैसे त्याला आहेत पण त्याच्यासाठी नाहीत, दिवा लावायला आहेत.

परभणीकर:
काका एक नंबर. पण फळ्यावर खिदमतमाश लिहू नका, आत्ता झेरॉक्स आणली, मग वकील घेऊन येतील.

औंढ्याची सून:
मला अनुदानापेक्षा 'समकालीन' जास्त खटकला. आमच्या भागात तो शब्द एकट्यानं येतच नाही, नरसीचे नामदेव आणि आपेगावचे ज्ञानेश्वर समकालीन, असा जोडीनंच येतो. नुसतं समकालीन कला म्हटलं की कुणाच्या समकालीन हा प्रश्न राहतोच. 'आधुनिक' चालणार नाही का?

धागाकर्ता:
ताई, भाचा म्हणतो आधुनिक हा आता जुना शब्द झालाय. हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांचा मुंबईचा ग्रुप 1947 चा, त्याला आधुनिक म्हणतात आणि पाऊणशे वर्षं उलटली तरी ते आधुनिकच राहणार. समकालीन म्हणजे आपल्या समकालीन, बोअर आटला तेव्हा जी माणसं होती त्यांच्या. हे ऐकल्यावर मला पटलं, पण फळ्यावर एवढं कुठं मावणार.

लातूरकर:
आकलन तर काढूनच टाका, आकलन म्हटलं की उताऱ्याखालचे प्रश्न आठवतात. रसग्रहणाला चार मार्क, प्रबोधन म्हणजे दारूबंदी, जनजागृती म्हणजे डेंग्यू. माझ्या मते शब्द आहे 'निरूपण'. महाराज एक अभंग घेतात आणि दोन तास उलगडतात, समोर शाळेचं तोंड न बघितलेली माणसं बसलेली असतात आणि त्यांना पोचतं की.

औंढ्याची सून:
निरूपणात मध्ये उठून "महाराज, हे मला नाही पटलं" असं म्हणता येतं का पण? 2018 ला आम्ही कोचीच्या बिनालेला (दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन) गेलो होतो, अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये. तिथं माहिती द्यायला जी पोरं असतात त्यांना मीडिएटर म्हणतात. आमच्यासोबतची मुलगी काही सांगतच नव्हती आधी, विचारायची तुम्हाला काय दिसतंय, आमचे हे म्हणाले "गोदाम दिसतंय", तर ती म्हणे बरोबर, हे मसाल्यांच्या व्यापाराचंच आवार होतं, आणि तिथून गप्पा सुरू. अर्धा तास हलले नाहीत आमचे हे.

तहसीलातला रिटायर:
मीडिएटर म्हणजे मध्यस्थ. आपल्याकडं मध्यस्थ सोयरीक जुळवतो नाहीतर प्लॉट विकतो.

औंढ्याची सून:
सोयरीकच तर आहे काका! दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. फक्त त्यानं पोरीची बाजू जास्त ताणून सांगू नये.

धागाकर्ता:
अपडेट देतो. भाच्यानं फळा पुसला. आता लिहिलंय, 'पारावरच्या पाइपाचं काय केलंय ते बघायला शनिवारी पाच वाजता या, तुम्हाला काय वाटतं ते बोलू.' खाली सरपंचांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, 'पैसे वाटप नाही'. नऊ जण आले. केवायसीवाले आजोबा पण होते, पाइपाला हात लावून म्हणे हा साडेसातशे फुटाचा बोअर कुणाचा, आणि मग कुणाचा बोअर किती खोल गेला यावरच सात वाजले, भाच्याला तोंड उघडायला जागा मिळाली नाही. त्यानं मात्र सगळं वहीत उतरवलंय.

संस्थेच्या रिपोर्टात सध्या 'ग्रँट'च लिहिलाय. अजून दोन हप्ते बाकी आहेत, तोपर्यंत शब्द सुचला तर सांगा.